नऊने भाग जातो

मी कोनचा. हे एवढंसं वाक्य मी ज्या ज्या वेळी उच्चारलं, त्या त्या वेळी समोरच्या गृहस्थाने "कोणाचा?" असंच विचारलेलं आहे. मग मी वडिलांचं नाव सांगतो, आणि ते सांगून झालं की गृहस्थ म्हणतात, "ते झालं, पण गाव कोणतं?" पनवेलहून जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने खोपोलीच्या दिशेला निघालं की आमचं कोन लागतं. भिवंडीच्या बाजूला दुसरं एक कोन आहे. आमच्या लग्नाला निघालेले हिचे एक मामा त्या कोनात दिवसभर मांडव शोधत हिंडले आणि संध्याकाळी एका अनोळखी लग्नात जेवून, आहेर करून परत गेले. त्यातून आमच्याकडच्या आगरी बोलीत 'ण' हे अक्षर फारसं कुणी खर्च करत नाही. त्यामुळे "कोन?" असा प्रश्न आणि "कोन" असं उत्तर, यांत फक्त मानेच्या झटक्याचा फरक उरतो.

गाव आता पूर्वीचं राहिलेलं नाही. भातशेतीच्या जागी मनोरे उभे राहिले. मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी २०१६ साली इथल्या २,४१७ घरांची सोडत निघाली, आणि कामगार राहायला येण्याआधी २०२० साली त्या घरांत करोनाचे संशयित येऊन राहिले. इमारती बांधायला जी माणसं आली ती आपली पोरंबाळं घेऊन आली. एकेका पत्र्याच्या खोलीतून एकेक भाषा ऐकू यायला लागली. मोठी माणसं कशीबशी हिंदीत भागवतात, पण तीन वर्षांच्या पोराने कशात भागवायचं? ते जिथे येऊन बसतं तिथे, म्हणजे कोनच्या एका अंगणवाडीत, आमची ही सेविका आहे.

मी बी.कॉम. आहे. म्हणजे नावे कुठे मांडायचं आणि जमा कुठे मांडायचं एवढं मला समजतं, आणि त्यापलीकडे काही समजण्याची गरज नाही असं मला बराच काळ वाटत असे. हिच्या नोकरीबद्दलही माझं एक मत होतं. पंचवीस पोरं गोळा करायची, त्यांना पावसाची गाणी म्हणायला लावायची, खिचडी वाढायची आणि एकच्या सुमाराला घरी यायचं. एकदा ही चूक मी तोंडाने बोलून दाखवली. दुसऱ्या दिवशी लसीकरणाच्या कामाला जाताना हिने मला एक तासासाठी अंगणवाडीत बसवलं. मदतनीस मावशी होत्या म्हणून मी आज हे लिहू शकतो आहे. त्या एका तासात माझ्या चष्म्याची एक काडी गेली, तिघांनी माझ्या मांडीवर वेगवेगळ्या कारणांनी पाणी सांडलं, आणि एका मुलीने मला चार वेळा विचारलं, "तू ताईचा कोन?" मी चारही वेळा 'नवरा' म्हणून सांगितलं. तिला ते पटलेलं दिसलं नाही.

त्यानंतर काही दिवसांनी ही संध्याकाळी घरी आली आणि चप्पल काढता काढता म्हणाली, "आमचं इन्क्रिमेंटल सुरू झालं." बँकेतल्या माणसाच्या कानावर 'इन्क्रिमेंट' हा शब्द पडला की त्याच्या शरीरात काही हालचाली आपोआप होतात. मी उठलो, कोपऱ्यावरून पाव किलो पेढे आणले आणि देवापुढे ठेवले. मग हिने सगळं समजावून सांगितलं. २०१८ च्या मार्चमध्ये पोषण अभियान सुरू झालं, त्यात सेविकांना शिकवायची ही नवी पद्धत होती. तिचं नाव 'इन्क्रिमेंटल लर्निंग अ‍ॅप्रोच'. एकदम दहा दिवस डांबून भाषणं ऐकवायची नाहीत. एकूण २१ छोटे पाठ, मासिक बैठकीत एक पाठ घ्यायचा, महिनाभर घरोघर जाऊन तेवढाच करून बघायचा, पुढच्या बैठकीत काय जमलं काय फसलं ते एकमेकींना सांगायचं, आणि मग पुढचा पाठ. म्हणजे वाढ ज्ञानाची होती, मानधनाची नव्हती. हे कळेपर्यंत चार पेढे गेले होते.

हो, मानधन. सेविकेला पगार मिळत नाही, मानधन मिळतं. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने सेविकांना आणि मदतनिसांना ग्रॅच्युइटीचा कायदा लागू होतो असा निकाल दिला, तो मीच हिला वर्तमानपत्रातून मोठ्याने वाचून दाखवला. त्या दिवशी माझ्या कॉमर्सचा घरात प्रथमच उपयोग झाला. पण शब्द मानधनच राहिला.

तर ती पद्धत. मला ती ऐकताक्षणी ओळखीची वाटली. ही तर आमची आवर्ती ठेव! दरमहा थोडं थोडं टाकायचं आणि त्यावर व्याज चढत राहायचं. फक्त आमच्याकडे ज्याचं खातं त्यालाच व्याज मिळतं. यांच्या बैठकीत एकीने टाकलेल्या रकमेवर पंचवीस जणी व्याज खातात, हे मला नंतर कळलं.

कसं कळलं तेच सांगतो. गेल्या ऑगस्टमध्ये मी दाढ काढण्यासाठी एक दिवसाची रजा घेतली. दवाखान्यात गेलो तर दातांचे डॉक्टरही रजेवर. दाढेला हे कळल्याबरोबर ती दुखायची थांबली. घरी येऊन बसतो तोच हिचा फोन, "अहो, वजनाची वही टेबलावर राहिली. आज बीट मीटिंग आहे. आणून द्या ना." बीट म्हणजे एका पर्यवेक्षिकेच्या हाताखालच्या अंगणवाड्यांचा गट. त्या महिन्याची बैठक हिच्याच अंगणवाडीत होती. मी वही घेऊन गेलो. दारात चपलांचे पंचवीस जोड. आत शिरायचं नाही, वही देऊन निघायचं, असा माझा बेत होता. तेवढ्यात आतून एक बाई म्हणताना ऐकू आली, "माझ्याकडे एक सॅम आहे आणि दोन मॅम." दुसरी म्हणाली, "माझा सॅम गेल्या महिन्यात मॅममध्ये गेला." मला वाटलं, परदेशी पाहुणे आले आहेत आणि काही कौटुंबिक घोटाळा झाला आहे. कुतूहलाने मी आत डोकावलो आणि सापडलो.

सॅम म्हणजे अतितीव्र कुपोषित मूल आणि मॅम म्हणजे मध्यम कुपोषित. भिंतीवर तीन रंगांची कागदी पट्टी लावलेली होती, तिचा अर्थ एकीने मला सांगितला. मुलाच्या दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली गेला तर लाल, साडेअकरा ते साडेबारा पिवळा, त्याच्यावर हिरवा. मी मनातल्या मनात अंगठा आणि बोट जुळवून तेवढं वर्तुळ करून पाहिलं. ते माझ्या मनगटापेक्षाही लहान होतं. त्यानंतर मी काही वेळ विनोद केला नाही.

पर्यवेक्षिका मॅडम त्या दिवशी 'वरचा आहार' हा पाठ घेत होत्या. बाळाला सहा महिने पूर्ण झाले की आईच्या दुधाबरोबर मऊ खायला सुरू करायचं, हे घरी जाऊन कसं सांगायचं, त्याचं नाटक करून दाखवायचं होतं. सासू तयार होती, सून तयार होती, सेविका तयार होती. नवरा हवा होता. "भाऊजी आहेतच की," कुणीतरी म्हणालं. मी हिच्याकडे पाहिलं. हिने वहीत डोकं घातलं.

मला लहान मुलांच्या खुर्चीवर बसवण्यात आलं. ही खुर्ची जमिनीपासून साधारण वीतभर उंच असते. तीत बसलेल्या माणसाचे गुडघे हनुवटीला लागतात आणि त्याचा अधिकार आपोआप कमी होतो.

"काय हो, बाळाला खायला सुरू केलं का?" सेविकेने विचारलं.

"ते आईला विचारा," मी म्हटलं.

"वजन किती आहे बाळाचं?"

"ते हिला माहीत."

"मग तुम्हाला काय माहीत आहे?"

मी जरा विचार करून म्हटलं, "बाळाचं बचत खातं उघडलंय."

पंचवीस बायका एकदम हसल्या. सासूची भूमिका करणाऱ्या बाईंचा पदर तोंडात गेला. मला वाटलं, मी उत्तम अभिनय केला. मग लक्षात आलं की मी अभिनय केलाच नव्हता. आमच्या मुलाच्या वेळी मी हेच केलं होतं.

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी फळ्यावर लिहिलं, 'असा नवरा घरी असेल तर?' आणि पुढची वीस मिनिटं माझ्यावर चर्चा झाली. माझ्यासमोर. एक म्हणाली, मी दुपारी जातच नाही, नवरा कामावरून आल्यावर चहाच्या वेळी जाते, त्या वेळी तो पळू शकत नाही. दुसरी म्हणाली, मी त्याच्याच हातात वाटी देते आणि सांगते, तुम्ही भरवा बघू, तुमच्याकडून खातंय का. पुरुषाला पैज लावली की तो करतो. तिसरीने घरच्या दिनदर्शिकेवर नवऱ्याच्याच अक्षरात 'आज बाळाला डाळभात' असं लिहून घेतलं होतं, मग तो रोज तपासायचा. प्रत्येक युक्ती दुसऱ्या जणी वहीत उतरवून घेत होत्या. "ही माझी युक्ती, तू का वापरतेस" असं एकीच्याही तोंडून आलं नाही.

इथे मला एक कबुली दिली पाहिजे. आमच्या शाखेत ज्याला जे येतं ते तो मरेपर्यंत कुणाला सांगत नाही. अमुक गोष्ट फक्त अमुक साहेबांनाच जमते, ही त्या साहेबांची ठेव असते. मी नोकरीला लागलो तेव्हा शेजारच्या टेबलावरचे एक ज्येष्ठ कारकून संध्याकाळी कॅश जुळली नाही की कागदावर काहीतरी खरडत आणि दोन मिनिटांत चूक काढत. ते कसं, हे त्यांनी मला त्यांच्या निवृत्तीच्या दिवशी, हार गळ्यात असताना, कानात सांगितलं. फरकाच्या रकमेला नऊने भाग जात असेल तर कुणीतरी आकडे उलटे लिहिलेत असं समजावं. ४५० चे ५४० झाले, फरक ९०. ७२ चे २७ झाले, फरक ४५. भाग जातोच. तेव्हापासून गेली अनेक वर्षं शाखेत चूक मीच काढतो, आणि कशी काढतो ते कुणाला सांगत नाही.

तर बैठक पुढे सरकली आणि हिची पाळी आली. हिच्याकडे साडेतीन वर्षांचा एक मुलगा होता. आईबाप कलबुर्गीकडचे, मनोऱ्यावर कामाला. मुलगा अंगणवाडीत येई, कोपऱ्यात बसे, एक शब्द बोलत नसे, खिचडीला हात लावत नसे. आणि आता मोबाइलमधल्या ॲपमध्ये दिसत होतं की त्याचं वजन एका महिन्यात ९०० ग्रॅमनी उतरलं. हिचा आवाज जरा कापत होता. रात्री ही का जागी असते ते मला तेव्हा समजलं. मी आपला दाढेला कारण समजत होतो.

नऊशे! मी वीतभर खुर्चीतून ताडकन उठलो, म्हणजे खुर्चीही माझ्याबरोबर थोडी उठली. "वही दाखव," मी म्हटलं. जूनमध्ये ११.२. जुलैमध्ये ११.२. ऑगस्टमध्ये ११.२. आणि ॲपमध्ये जुलैचा आकडा होता १२.१. "आकडे उलटे पडलेत!" मी जाहीर केलं. "फरकाला नऊने भाग जातो. पोराचं वजन उतरलेलंच नाही." मग मी फळ्याजवळ गेलो, खडू घेतला आणि जे मी शाखेत कुणाला सांगितलं नव्हतं ते पंचवीस बायकांना करून दाखवलं. का, ते मला माहीत नाही. बहुधा टाळ्यांच्या आशेने. टाळ्या मिळाल्या. मॅडमनी "वा भाऊजी" म्हटलं. हिने माझ्याकडे लग्नानंतर दुसऱ्यांदा कौतुकाने पाहिलं. पहिली वेळ ग्रॅच्युइटीची.

टाळ्या थांबल्यावर मागच्या रांगेतून एक आवाज आला. निवृत्तीला टेकलेल्या एक आगरी सेविका होत्या, सगळ्या त्यांना काकी म्हणत. त्या शांतपणे म्हणाल्या, "उतरला नाय, ते बरा झाला. पन तीन महिनं वारला पन नाय ना?"

मी खडू खाली ठेवला. तीन ठिकाणी ११.२. हिशोब जुळला होता, आणि पोर जिथल्या तिथे होतं.

काकींना माझ्यात रस नव्हता. त्यांनी हिला विचारलं, "घरी त्याला कोन बघतं?" आईबाप कामावर. मोठी बहीण आहे, सहा वर्षांची. "ती आता कुठं हाय?" ती या जूनमध्ये जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीत गेली. काकी थोडं थांबल्या. "मंग तो तिच्या हातचा जेवत असंल. आन बोलत बी तिच्याशीच असंल. तिला शाळंन घातली, याचा जेवन गेला."

खोलीत कुणी बोललं नाही. हिने कपाळाला हात लावला. शाळा भिंतीपलीकडे होती. मधल्या सुट्टीची घंटा ही रोज ऐकत होती.

मग मात्र सगळ्या एकदम बोलायला लागल्या. एक म्हणाली, माझ्याकडेही अशीच एक मुलगी आहे, भावाशिवाय खात नाही, मी तिला हट्टी समजत होते. दुसरीचं माहेर सोलापूरकडे अक्कलकोटचं, तिला कानडी येत होतं. तिने 'ये', 'बस', 'जेव', 'पाणी' हे शब्द हिला लिहून दिले आणि उच्चारही घोटून घेतले. पर्यवेक्षिका मॅडम म्हणाल्या, बहिणीला मधल्या सुट्टीत इकडे पाठवायचं का ते मुख्याध्यापकांना तोंडी विचारा, लेखी मागितलंत तर तिचं शिक्षण संपेल. मला वाटतं, इतका शहाणा सल्ला मी आजवर कुठल्याही वरिष्ठाकडून ऐकलेला नाही.

त्या रात्री मी हिच्या कपाटातली प्रशिक्षणाची पुस्तकं चाळली. पूर्वी मी त्यांवर चहाचा कप ठेवत असे. भावनगरला गिजुभाई बधेका नावाचे गृहस्थ होते. मूळचे वकील. वकिली सोडून त्यांनी १९२० साली बालमंदिर काढलं, आणि लोक त्यांना 'मूछाळी मा', म्हणजे मिशाळ आई, म्हणू लागले. मी आरशात पाहिलं. मिशी माझीही आहे, पण प्रगती तिथेच थांबलेली आहे. गिजुभाई आणि ताराबाई मोडक यांनी १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला, मासिक चालवलं, ते अशासाठी की दूरदूरच्या शिक्षकांना एकमेकांचं काम कळावं. पुढे १९४५ साली ताराबाईंनी डहाणूजवळच्या बोर्डीला बालवाडी काढली. अनुताई वाघ त्यांना तिथेच येऊन मिळाल्या. चांगल्या घरची पोरं येत, पण वस्तीवरची येईनात. तेव्हा ताराबाईंनी पोरांना बोलावणं सोडलं आणि बालवाडीच उचलून त्यांच्या अंगणात नेली. ती अंगणवाडी. शंख, शिंपले, बिया, पानं, जे हाताशी असेल ते शिकवायचं साधन. १९५७ साली दोघी कोसबाडच्या टेकडीवर गेल्या, आणि सरकारने २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात ३३ ठिकाणी एकात्मिक बालविकास योजना सुरू केली तेव्हा तिच्या केंद्रांना हेच नाव मिळालं. काकींनी हे वाचलं असेल असं वाटत नाही. पोर येत नसेल, जेवत नसेल, तर ते कुठे अडलंय ते जाऊन बघायचं, हे त्यांना ठाऊक होतं. कुठल्या महिन्याच्या बैठकीत कुणी कुणाला सांगत सांगत ते त्यांच्यापर्यंत आलं असेल, देव जाणे.

मुख्याध्यापकांना तोंडी विचारलं. त्यांनी तोंडी हो म्हटलं. दुसऱ्या दिवसापासून मधल्या सुट्टीत ती सहा वर्षांची बहीण शाळेतली आपली ताटली सांभाळत भिंतीला वळसा घालून येऊ लागली. भावासमोर मांडी घालून बसायची, त्याला एक घास, स्वतःला एक घास. पहिले दोन दिवस तो तिच्याकडे नुसता रागाने बघत होता, इतके दिवस कुठे होतीस अशा चेहऱ्याने. तिसऱ्या दिवशी त्याने तोंड उघडलं. दहाव्या-बाराव्या दिवशी हिने धीर करून त्याला कानडीत "जेव" म्हटलं. तो खो खो हसला. हिचा उच्चार चुकला होता. मग त्याने हिला तो शब्द तीन वेळा म्हणून दाखवला आणि बरोबर येईपर्यंत सोडलं नाही. अंगणवाडीत त्याचा आवाज कुणी ऐकला तो तेव्हा पहिल्यांदा.

सप्टेंबरचं वजन ११.४. हिने तीनदा काटा शून्यावर आणून बघितला. ऑक्टोबर ११.७. मी दोन्ही आकडे वहीतून ॲपमध्ये जाताना शेजारी उभा राहून तपासले. काकी दिवाळीनंतर निवृत्त झाल्या. त्यांच्या निरोपाच्या बैठकीला मला मुद्दाम बोलावलं होतं. नवरा लागणार होता.

एक मात्र झालं. माझी वर्षानुवर्षांची ठेव त्या फळ्यावर फुटली ती फुटलीच. आता महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मी काउंटरवर बसलेला असतो, समोर पेन्शनरांची रांग असते, आणि मोबाइल वाजतो.

"भाऊजी, माझ्या एका मुलीचा फरक सातशेचा येतोय. नऊने भाग जात नाही. काय करू?"

मी आवाज खाली घेतो. शेजारच्या टेबलावर नवीन लागलेला पोरगा कान देऊन ऐकत असतो.

"तिच्या घरी जाऊन या," मी म्हणतो.